लिन मास्तरांनी सांगितलेली वही

मी एक जुनी वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शाळकरी मुलांच्या दप्तरात असते तशी. सध्या बर्मिंगहॅममधल्या एका फ्लॅटमध्ये मऊ कापडात गुंडाळलेली असते. पण मित्रांनो, माझा जन्म चीनमधल्या वेन्झोऊ शहराजवळच्या एका खेड्यातला.

त्या खेड्यात लिन मास्तर होते. एरवी शाळेत शिकवायचे, रविवारी छोट्या चर्चमध्ये प्रवचन करायचे. १९६६ साली दंडाला लाल पट्ट्या बांधलेली तरुण पोरे ट्रकमधून आली. देव मानणे हा तेव्हा गुन्हा ठरला होता. त्यांनी चर्चची बाके फोडली आणि पवित्र शास्त्राच्या सगळ्या प्रती चौकात रचून पेटवल्या. मास्तरांना आगीसमोर गुडघ्यांवर बसवले.

"हे सगळं खोटं आहे असं म्हण."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. मग पोरांनी त्यांना कमरेच्या पट्ट्यांच्या बकलांनी झोडपले, दंडुक्याने उजव्या हाताची बोटे मोडली. शेवटी त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीला, मेईयुनला, पुढे ओढले.

"तू मार. नाहीतर आम्ही थांबणार नाही."

मेईयुनने वडिलांच्या तोंडात मारली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन वर्षे ती वडिलांकडे मान वर करून पाहू शकली नाही. मग एका दुपारी मास्तरांनी मला दुकानातून आणले आणि तिच्यापुढे ठेवले.

"माझी बोटं वळत नाहीत. येशूची गोष्ट मला पाठ आहे. मी सांगतो, तू लिही."

अशी मी भरत गेले. गोष्टीत एका जागी जवळचाच शिष्य भीतीपोटी गुरूची ओळख नाकारतो. तिथे मेईयुनचा हात थांबला.

"बाबा, हे नको लिहायला."

"लिही," मास्तर म्हणाले. "पुढे त्याच शिष्याला परत बोलावलंय. हे गाळलंस तर ते कसं कळणार?"

ती रडत रडत लिहीत राहिली.

मी पुरी झाले त्याच हिवाळ्यात मास्तरांना पकडून नेले. ते परत आले नाहीत. माझ्यावरून लोकांनी अकरा वह्या उतरवल्या. एका बाईकडे त्यातली एक सापडली, तेव्हा तिला इतके मारले की तिचे दोन्ही कान गेले. पुढे दिवस बदलले, छापील पुस्तके मिळू लागली, आणि मी बिस्किटांच्या डब्यात पडून राहिले. मेईयुन मुलाकडे इंग्लंडला आली तेव्हा तिने मलाही आणले. नात जोआना इथेच जन्मली. तिला माझे एक अक्षर वाचता येत नव्हते, आणि आजीने काही सांगितलेही नव्हते.

चीनमधून साथ पसरल्याच्या बातम्या आल्या त्या फेब्रुवारीत आजी आणि नात बसने चर्चला निघाल्या होत्या. मी पिशवीत होते. एक दांडगा माणूस उठून आला.

"तुम्हीच रोग आणलात," तो ओरडला. त्याने पिशवी हिसकून फेकली, मला ओल्या फरशीवर बुटाने तुडवले आणि मेईयुनच्या तोंडावर ठोसा मारला. तिचे डोके लोखंडी दांड्यावर आपटले. जोआना किंचाळली. बसमधले बाकी लोक फोनकडे पाहत राहिले.

पुढच्या सीटवरून नागपूरची कस्तुरी उठली. ती हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होती. ती मध्ये उभी राहिली.

"हात लावायचा नाही त्यांना. ड्रायव्हर, बस थांबवा."

त्याने तिलाही मारले. ओठ फाटला, पण ती हलली नाही. दार उघडताच तो पळाला. तो कधीच सापडला नाही.

कस्तुरीने माझी सुटलेली पाने गोळा केली. ॲम्ब्युलन्सची वाट पाहताना तिने विचारले, "आजी, तुम्ही लिहिलंय हे?"

जोआना एकीचे बोलणे दुसरीला तिच्या भाषेत सांगत होती.

"वडिलांनी सांगितलं, मी लिहिलं," मेईयुन म्हणाली. "मी त्यांना चौकात मारलं होतं. त्यानंतर."

जोआना वाक्य मध्येच सोडून आजीकडे पाहू लागली. "आजी, हे तू कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. आणि मला तेच बरं वाटायचं."

त्यानंतर दर रविवारी आजी नातीला माझ्यातली अक्षरे शिकवू लागली. दोघी तेराव्या पानापर्यंत आल्या होत्या, तेव्हा गेल्या मार्चमध्ये मेईयुन वारली.

मित्रांनो, घरात जुनी वही सापडली तर ती रद्दीत टाकू नका. ती कोणी लिहिली, का लिहिली, ते विचारा. विचारायला माणूस आहे तोवर विचारा. जोआना आता एकटीच वाचते. ती चौदाव्या पानावर अडली आहे. तिथले एक अक्षर बसमधल्या पाण्याने पुसले गेले, आणि ते काय होते हे सांगणारे घरात आता कोणी नाही.