फ्लेक्सवर उरलेला हात

अकोले गावच्या स्टँडसमोर स्टेला सिस्टरच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, तेव्हा खुद्द सिस्टरचाच निर्णय व्हायचा होता.

पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलनं तिला मेट्रन म्हणून बोलावलं होतं. काचेची केबिन, फिरती खुर्ची, हाताखाली ऐंशी नर्सा. काम काय, तर ड्युट्या लावायच्या आणि मीटिंगांत मान डोलवायची. "आणि बाळंतपणं?" तिनं विचारलं, तर फोनवरचा पोरगा हसला. "मॅडम, ते खालचा स्टाफ करतो."

खालचा म्हणे! एकवीस वर्षं गावच्या दवाखान्यात तिनं जे केलं, ते एका शब्दात तळघरात गेलं. इथं लेबर रूमला चौघं होती. शिंकेवरून कळायचं कोण दमलंय ते.

तरी तिनं नाही म्हटलं नव्हतं. खुर्चीला नाकं मुरडणाऱ्यांनाही बूड असतंच. उद्यापर्यंत कळवायचं होतं.

आणि मधेच हा फ्लेक्स. वर ढगांत दोन पुढारी, ज्यांनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. खाली 'रुग्णसेवेतील रणरागिणी'. मधोमध ती, नाताळच्या ग्रुपफोटोतून कापून काढलेली. खांद्यावर कुणाचा तरी हात तेवढा राहिला होता. मनगटात हिरव्या बांगड्या, पुढं माणूस नाही.

ती तणतणत दवाखान्यात आली. "कुणाचं हे शहाणपण?"

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सूर्यभान चहात बघत बसला. धाकटी नर्स अश्विनी पुसलेलाच ट्रे पुसायला लागली. बोलली ती राहीबाई, दवाखान्याच्या विटांइतकी जुनी आया.

"माझं. तुमी न्हाई म्हननार हुत्या, म्हनून लावला."

"मी कधी म्हटलं तसं?"

"म्हनाया कशाला पायजे? येकवीस वर्सं बघती. आता आख्ख्या तालुक्यानं पेढं मागितल्यावर कशा न्हाई म्हनता, बघूच."

"आणि माझ्यामागं इथं कोण? ही अश्विनी? पहिलटकरीण आली की अजून हात थरथरतात हिचे!"

"थरथरनारच. तुमी मधी घुसता. तिच्या हातातलं काढून घेता, अन् मग म्हनता, माझ्याबिगर ह्यांचं चालत न्हाई. लई मोठ्या तुमी!"

 स्टेला फ्लेक्सवर घसरली. "निदान तो हात तरी कापायचा, मावशी. भुतासारखा दिसतोय."

"कापत हुता फ्लेक्सवाला. खांदा जायला लागला. म्हनलं, ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात जीपमधून एक बाई उतरली, दाताखाली ओठ धरून. पहिलटकरीणच. अश्विनीनं एकदा सिस्टरकडं पाहिलं आणि ती त्या बाईला घेऊन आत गेली. स्टेला सवयीनं उठली. खांद्यावर हात पडला, हिरव्या बांगड्यांचा, आणि त्यानं तिला परत बाकड्यावर बसवलं.

"बसा. बोलावलं तर जाऊ."

बाहेर बसून ऐकणं तिला कधी जमलंच नव्हतं. कुणी बोलावलं नाही. पाऊण तासानं बाळ रडलं. स्टेलाची नजर घड्याळाकडं गेली, आणि आतून अश्विनीनं जन्माची वेळ पुकारली, "दोन वाजून एकोणीस!"

"मिनिटभर उशिरा सांगितलं," स्टेला फणकारली, आणि पुण्याला येते म्हणून कळवायला तिनं मोबाईल काढला.

खांद्यावरचा हात अजून तिथंच होता.