बॅरलामागचा राउटर

मित्रांनो, मी एक जुना वायफायचा राउटर आहे. राजारामपुरीतल्या एका घराच्या माळ्यावर फुटक्या बादलीत पडून आहे. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो मी जपून ठेवलाय.

कारखान्यात मला तपासलं तेव्हा माझे सगळे दिवे लख्ख लागले होते. दोन हजार नऊ साली अण्णासोंनी मला घरी आणलं. ते नळजोडणीचं काम करायचे. त्यांची मुलगी सुष्मिता नुकतीच बारावी झाली होती आणि पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म तिला नेटवरूनच भरायचा होता. तिनं मला हळदीकुंकू लावलं. माझं कौतुक झालं ते एवढंच.

अण्णासोंनी मला ठेवलं कुठं, तर मोरीजवळ, जमिनीवर, पाण्याच्या बॅरलामागं.

"अण्णा, उंचावर ठेवूया की," सुष्मिता म्हणाली.

"वर प्रेशर मिळत न्हाय. खालच्या नळाला धार मोठी असती. वीस वर्सं नळ जोडतोय, मला शिकीव."

अहो, मी काय नळ आहे? माझी हाक त्या पाण्यातच बुडायची. समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर पान अर्धं उघडायचं आणि थांबायचं. चापट्या मात्र मला.

त्यात खालच्या मजल्यावरच्या शांतव्वांनी पाणी ओढायला मोटर बसवलेली. अण्णासोंच्या डोक्यात बसलं, की नेटसुद्धा त्याच ओढतात. रोज जिन्यात प्रेशरवरून भांडण.

फॉर्मचा शेवटचा दिवस आला. मुदत पाचपर्यंत. साडेचारला पान तिसऱ्यांदा अडकलं, तशी सुष्मिता रडकुंडीला आली. अण्णासो जिन्यात जाऊन ओरडले, "शांतव्वा, मोटर बंद करा. पोरीचं वर्स जातंय."

शांतव्वा पदर खोचून वर आल्या. "नळाला पाणी येतंय सकाळी. आत्ता काय वारा ओढू?"

"नेट ओढताय तुमी."

"कुठं हाय तुझं नेट? दाव."

त्यांनीच बॅरलामागं हात घातला, माझा अँटेना धरून मला खेचलं आणि डोक्यावर उंच धरलं. माझ्या वायरी ताणल्या. "ह्या डबड्यासाठी मोटर लावली व्हय मी?"

"आज्जी, हात खाली घेऊ नका," आतून सुष्मिताचा आवाज आला. "पान उघडलं."

मग काय, शांतव्वा तशाच उभ्या. हात वर आणि तोंड चालू. "हात भरून आला, अण्णासो. आता सांग तुझ्या प्रेशरला धरायला." अण्णासो बॅरलाकडं बघत राहिले. पाचला आठ मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णासो फळी ठोकायला निघाले. माफी मागायची सोडून खाली जाऊन म्हणाले, "मापाला जरा हात वर करा." शांतव्वांनी तोंडावर दार आपटलं. फळी शेवटी अंदाजानंच बसली.

त्या फळीवर मी चार वर्षं इमानानं राबलो. आता तिथं नवा राउटर बसलाय. मित्रांनो, आम्हाला उंचावर, मोकळं, पाण्यापासून लांब ठेवा. आणि चापट मारण्याआधी, शेजाऱ्यावर ओरडण्याआधी, आपण आम्हाला कुठं ठेवलंय ते एकदा वाकून बघा.

मी अण्णासोंना अजून माफ केलेलं नाही. शांतव्वांनीही नाही.