पात्याखालचा दाणा

मित्रांनो, मला घाबरट म्हणून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पेन्सिलीहून बारीक पात्यावर एका अख्ख्या मुलीचा भार तोलायचा, तोही बर्फावर. तिथे काळजी नाही करायची तर कुठे करायची? मी बर्फावर नाचणाऱ्या एका मुलीचा उजव्या पायाचा बूट. कातडं पिवळं पडलंय, पात्यावर गंजाचे ठिपके आलेत. पण एके काळी जुमाना शल्हूबची प्रत्येक उडी माझ्यावर उतरायची. उडी मारायची डाव्याने, उतरायचं उजव्याने. म्हणजे पडली की बोल मला! माझा जोडीदार डावा बूट कायम मजेत असे. त्याच्या वाटची काळजीसुद्धा मीच करत आलो.

माझा जन्म मॉन्ट्रियलचा. जुमानाही तिथलीच. एका म्हाताऱ्या कारागिराने कातडं तापवून तिच्या पावलाच्या मापाने मला घडवलं, खाली पोलादी पातं स्क्रूने आवळलं आणि म्हणाला, "पोरी, रोज कोरडा पुसलास तर हा तुला दगा देणार नाही." पहिले दोन महिने मी तिला चावलो. टाचा सोलून निघाल्या, ती रडायची आणि पुन्हा नाड्या बांधायची. मग कधीतरी मी मऊ झालो आणि आमचं जमलं.

दर उन्हाळ्यात ती आजीकडे, लेबनॉनमधल्या झाहले गावाला जायची. आजीला ती तेता म्हणे. तेता विदाद ठेंगणी, काळ्या झग्यातली, तोंडाची भारी फटकळ. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

"अगं बाई, पायाला सुऱ्या बांधून फिरतेस? अशीशी लग्न कोण करेल?"

आणि लगेच नातीचे गाल कुस्करून म्हणाली, "तूच मला मातीत पुरशील गं माझे राणी!" तिकडे लाडाने असंच म्हणतात. तुझ्याआधी मी जावं, तुझ्याशिवाय जगायची वेळ माझ्यावर येऊ नये, असा त्याचा अर्थ. मला मात्र दर वेळी धस्स व्हायचं.

जुमाना सोळा वर्षांची असताना तिने एका मोठ्या स्पर्धेत देशोदेशीचे झेंडे ओळीने पाहिले. त्यात लेबनॉनचा, देवदाराच्या झाडाचा झेंडा नव्हता. तिने तिथूनच तेताला फोन लावला. "तेता, आपला झेंडा नाहीये इथे. मी लावू?" तेता फोनवर रडली, आणि आमचं बिऱ्हाड लेबनॉनला हललं.

बैरूतला समुद्राकाठी बर्फाचं एक छोटं मैदान होतं. बाहेर ऊन, आत बर्फ. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत बर्फाला घाम फुटायचा आणि माझ्या पात्याला धरायला काही उरायचं नाही. तिच्या शिक्षिका सिर्वार्दबाई अशा वेळी नुसत्या ओरडायच्या, "गुडघा वाकव! गुडघा!" जुमानाची मोडकीतोडकी अरबी ऐकून बाकीची पोरं खिदळायची. ती हसून घ्यायची. पण कपडे बदलायच्या खोलीत माझ्या नाड्या सोडताना ती तेच शब्द हळूच पुन्हा पुन्हा म्हणून बघायची, ते फक्त मला माहीत.

देशातर्फे कुणाला पाठवायचं ते एक समिती ठरवत होती. तिचे प्रमुख गांतूस, सगळे त्यांना मानाने उस्ताज म्हणत. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस, काखेत सतत फाईल. ते तोंडावर बोलले, "आडनाव आमचं आहे, कबूल. पण मुलगी कुणाची? तुम्ही लोक येता, झेंडा अंगावर लावता, फोटो काढता आणि विमानात बसता." मग त्यांनी अट घातली. शनिवारी दुपारी, एकदाच. न पडता सगळा नाच पुरा केला तर नाव पाठवू. नाहीतर देशातर्फे कुणीच जाणार नाही. नावं द्यायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

आठवडाभर मला चैन नव्हतं. स्क्रू सैल तर नाही? धार एका बाजूला जास्त तर नाही लागली? त्यातच बर्फ घासून गुळगुळीत करणारी गाडी नेमकी बिघडलेली. सगळं संकट कसं एकदम येतं बघा.

शनिवारी तेता डोंगर ओलांडून आली. एकटी कसली येते! गल्लीतल्या अकरा बायका आणि एक ढोलवाला, सगळी एका व्हॅनमध्ये कोंबून. जुमानाने माझ्या पात्यावरचं रबरी म्यान काढलं, दारातून बर्फावर पाऊल ठेवलं, तोच ढोल कडाडला. बायकांनी जिभा वळवून लू-लू-लू-लू असा आनंदाचा चीत्कार केला. आणि तेताने काळ्या पिशवीत हात घालून मुठी भरभरून गुलाबाच्या पाकळ्या आणि तांदूळ नातीवर उधळले.

"अहो थांबा!" सिर्वार्दबाई किंचाळल्या. "बर्फ आहे तो, अंगण नाही!"

तेताचा हात हवेतच राहिला. नवरी येवो, परदेशातला मुलगा कायमचा घरी येवो, तिकडे तांदूळ उधळूनच त्यांना उंबऱ्याच्या आत घेतात. बिचारीने आयुष्यभर तेच केलं होतं. मग एकच धावाधाव उडाली. पाकळ्या लाल, त्या पटापट उचलल्या. कुणीतरी झाडू फिरवला. पण पांढऱ्या बर्फावर पांढरे तांदूळ दिसणार कसे?

"झालं सगळं साफ," ढोलवाला म्हणाला.

गांतूसांनी घड्याळ पाहिलं. "सुरू करा."

पहिल्याच फेरीत माझ्या पात्याखाली कुर्रकन वाजलं. दाणा! मी आतल्या आत ओरडलो. म्हणायला बुटालाही जीभ असते, पण ती काय कामाची! जुमाना उडाली, हवेत दोन वेळा फिरली आणि माझ्यावर उतरली. आणि जिथे उतरली तिथे दुसरा दाणा होता. पातं अडलं, ती कोपरावर आपटली आणि घसरत जाऊन कठड्याला धडकली. संगीत चालूच राहिलं. ते इतकं वाईट वाटलं मला, काय सांगू.

गांतूसांनी फाईल मिटली. "एकदाच, असं ठरलं होतं."

सिर्वार्दबाई जुमानाच्या कानाशी लागल्या. "सांग त्यांना, तुझा दोष नाही. त्या अडाणी बायांनी टाकले म्हणावं."

गांतूस कठड्यापाशी आले. "तुला तर माहीत होतं ना मुली, बर्फावर काही टाकत नाहीत? मग अडवलं का नाहीस?"

तेता मान खाली घालून उभी होती. "माझे हात झडोत," एवढंच पुटपुटत होती. जुमानाने तिच्याकडे पाहिलं. कोपरातून रक्त येत होतं. तिने एकेक शब्द शोधत, तिच्या त्या मोडक्या अरबीत सांगितलं, "उस्ताज, आपल्यात... घरचं माणूस घरी आलं की टाकतात. मी दर उन्हाळ्यात पाहुणी होते, माझ्यावर आजवर कुणी टाकले नव्हते. कशी अडवू?" मग डोळे पुसून म्हणाली, "मला नका पाठवू. पण तेताला काही बोलू नका."

तेवढ्यात तेताने चपला काढल्या. सत्तर पार केलेली बाई, सरळ बर्फावर गुडघे टेकून बसली आणि उघडा तळवा बर्फावरून फिरवू लागली.

"अहो, गुडघे जातील तुमचे!" सिर्वार्दबाई म्हणाल्या.

"गुडघे कसले घेऊन बसलीस? तांदळातले खडे निवडण्यात हयात गेली माझी. आज खड्यांऐवजी तांदूळ निवडते. डोळ्यांना नाही दिसत, हाताला लागतात. या गं सगळ्या!"

अकरा बायका खाली उतरल्या. एका ओळीत, गुडघ्यांवर, शेत खुरपतात तशा पुढे सरकत गेल्या. "हा एक." "हे घे, दोन." गारठून त्यांचे तळवे लालभडक झाले. गांतूस बराच वेळ काठावर उभे राहिले. मग त्यांनी फाईल बाकावर ठेवली, विजार वर ओढली आणि तेही खाली बसले.

"मी परीक्षेत पास झालो तेव्हा माझ्या आईनेही टाकले होते," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "आठवडाभर केसांतून निघत होते." मग एक दाणा उचलून तेताच्या ओंजळीत टाकत म्हणाले, "सुरुवातीपासून कर गं. पण आता खरंच एकदाच."

बर्फ साफ झाला होता. पण मित्रांनो, आता खरी गोष्ट ऐका. एक दाणा कुणालाच सापडला नव्हता. तो माझ्या तळव्याच्या आणि पात्याच्या मधल्या फटीत अडकला होता. तो निसटून खाली पडला असता तर? प्रत्येक उडीला माझा जीव टांगणीला. पहिली उडी, दुसरी, गिरकी. धर रे, धर, मी स्वतःला बजावत होतो. काठावर बारा बायका ओले तांदूळ मुठीत घट्ट धरून श्वास रोखून उभ्या. शेवटच्या उडीला वीज गेली आणि संगीत थांबलं. जुमाना अंधुक उजेडात माझ्यावर उतरली. मी थोडा डगमगलो. पण पडू दिलं नाही.

पुढे झेंड्याचा कापडी तुकडा तेताने स्वतःच्या हाताने जुमानाच्या जाकिटावर शिवला. स्पर्धेत जुमाना शेवटून तिसरी आली. झाहलेत मात्र दोन दिवस ढोल वाजत होता.

मग नवे बूट आले. मला तेताच्या कपाटावर, लग्नाच्या फोटोशेजारी जागा मिळाली. आल्यागेल्याला ती अभिमानाने दाखवायची. पण मला पुसायचं असतं हे तिला कोण सांगणार? गंज चढला. पुढे तिचे हातही कपाटापर्यंत पोचेनासे झाले.

गेल्या हिवाळ्यात जुमाना घाईघाईने आली. काळ्या कपड्यांत. तेताचं लाडाचं बोलणं खरं ठरलं होतं. शवपेटी घराबाहेर निघायच्या आधी तिने मला खाली उतरवलं, उगाच हातात घेऊन बसली, आणि तिला फटीतला तो दाणा दिसला. केसातली पिन काढून तिने तो हळूच टोकरला. बराच वेळ तळहातावर ठेवून पाहिला. तिकडे शेवटच्या निरोपालाही तांदूळ उधळतात. तिने तो मूठभर तांदळात मिसळला, गच्चीवर गेली आणि खालून निघालेल्या तेताच्या पेटीवर उधळला.

परत येऊन तिने माझं पातं ओढणीने कोरडं पुसलं.

मित्रांनो, तुमच्या पायातले बूट पुसत जा. ज्यांच्यावर माया उधळायची, त्यांच्या पायाखाली आधी बघत जा. आणि चूक झालीच, तर तेतासारखे गुडघे टेकायला लाजू नका. मी अजून त्याच कपाटावर आहे. ती फट आता रिकामी आहे. काळजी करावी असं काही उरलेलं नाही, आणि तेच मला सोसवत नाही.