कुंपणापलीकडचं खोड

बाबांच्या बागेत अक्रोडाची साठ झाडं होती. मुळं कुजण्याच्या रोगाने तीन वर्षांत एकोणसाठ गेली. उरलं ते बाबांचं लाडकं. "दोन जातींचा संकर करून मी घडवलंय ते. पराग माझ्या हाताने टाकलाय," असं येईल त्याला ऐकवायचे.

त्याच्या बियांपासून त्यांनी दोनशे रोपं केली. पण कुठल्या रोपात ती ताकद उतरलीय हे कळायला दहा वर्षं थांबायचं, आणि बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. मी प्रयोगशाळेत झाडांचा जनुकक्रम वाचते. म्हटलं, "प्रत्येकाचं एक पान द्या. दहा वर्षांनी कळायचं ते आत्ताच कळेल."

तुलनेसाठी आसपासच्या झाडांचीही पानं घेतली. कुंपणापलीकडे काकांच्या तोडलेल्या अक्रोडाच्या खोडाला फुटवे आले होते, त्यांचीसुद्धा. ते झाड बाबांनीच तोडलं होतं. सावली पडते म्हणून, काका परगावी असताना. बावीस वर्षं सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

दीड महिन्याने निकाल आला. रोगाला पुरून उरणाऱ्या जनुकांचा अख्खा संच एकोणीस रोपांत होता. त्यांना तो बाबांच्या झाडाकडून मिळाला होता, आणि त्या झाडाला काकांच्या झाडाकडून. पराग वाऱ्याने आणला होता.

बाबांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. "मशीन चुकलं असेल."

"तीनदा तपासलं, बाबा."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग चपला घालून निघाले. मी मागोमाग.

काकांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत.

"तुझं झाड तोडायला नको होतं मी," बाबा म्हणाले. "माझी बाग तगली तर त्याच्याच जोरावर."

"हे कागदाने सांगितल्यावर कळलं?"

"हो."

काकांनी नजर वळवली. "दादा, तेव्हा आठ दिवस घास उतरत नव्हता माझ्या घशाखाली."

"एकोणीस रोपं आहेत. निम्मी तुझी."

"एकोणिसाची निम्मी कशी करणार?"

"दहा घे."

काकांनी घेतली. माफ केलं, असं मात्र कधी म्हणाले नाहीत.

रोगट जमिनीतच लावलेली ती रोपं तगली. फळ बघायला बाबा राहिले नाहीत. शेवटच्या आजारात काका रोज दुपारी त्यांच्या उशाशी येऊन बसायचे. कुठलं रोप किती वाढलं, तेवढं सांगायचे. बाबा डोळे मिटून ऐकायचे.