बोटांनी फिरवलेला नट

मी एक जुना फौजी ट्रक आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी गोड गोड बोलणार नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ हा राग पोटात घेऊन उभा आहे.

माझा जन्म जबलपूरच्या एका कारखान्यातला, सन एकाहत्तरचा. लढाई तोंडावर आलेली, बर्फ पडायच्या आत डोंगरावर रसद पोचवायची, म्हणून गाड्या बाहेर काढायची नुसती धांदल. माझे ब्रेक जोडले चिंतामणीने. मोठा कसबी माणूस. अख्खी शेड त्याचं नाव घ्यायची. ब्रेकच्या नळीचा एक नट तेवढा राहिला आणि खंडेनवमी उजाडली. हत्यारांची पूजा झाली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही त्याच्या घरची शिकवण. त्याने नट बोटांनीच फिरवून ठेवला.

"आज पान्याला हात नाही लावत मी," तो म्हणाला. "दसरा झाला का कसून देतो."

रवाना व्हायच्या गाड्यांची यादी अडू नये म्हणून 'तपासले' अशी खडूची खूण मात्र त्याने करून टाकली. खूण पाहून संध्याकाळीच मला मालगाडीवर चढवलं. कसला दसरा नि कसलं काय!

पुढे मला तुळशीराम ड्रायव्हर मिळाला, जबलपूरजवळच्या नर्मदेवरल्या ग्वारीघाटच्या नावाड्याचा मुलगा. मला फार जपायचा. रोज सकाळी ब्रेक दाबून बघितल्याशिवाय निघायचा नाही. खिंडीचा रस्ता म्हणजे नुसती माती नि धोंडे. उजवीकडे कडा, डावीकडे दरी. खड्ड्याखड्ड्याला माझा नट सुटत चालला होता. मला कळत होतं, सांगता येत नव्हतं.

खिंड दोन वळणांवर राहिली आणि पुढची गाडी थांबली. तुळशीरामने ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला गेला. हातब्रेक ओढला, तोही भाराला पुरला नाही. मी चढावरून मागे घसरू लागलो, आणि मागच्या गाडीत तीस जवान! उडी मारली असती तर तो सहीसलामत सुटला असता. त्याने मला कड्यावर घातलं, स्वतःच्याच बाजूने. जवान वाचले. त्याचा पाय माझ्या दारात चिरडला.

मला दुरुस्तीला पुन्हा जबलपूरला आणलं. चौकशीला साहेब आले, कुबडी टेकत तुळशीरामही आला. तो एकच सांगत होता, "मैंने ब्रेक दबाया था, साहब।"

दाबला होता! मी सांगतो ना, दाबला होता.

साहेबांनी चिंतामणीला विचारलं, नट कसला होता का. चिंतामणीने माझ्याकडे बघितलंही नाही.

"कसला होता," तो म्हणाला.

झालं! ड्रायव्हरची चूक, असा शेरा पडला. तीस जणांना वाचवणारा माणूस मान खाली घालून फाटकाबाहेर गेला.

पूजेवर माझा राग नाही, मित्रांनो. पूजा जरूर करा, पण आधी नट कसा, आणि काम झाल्याशिवाय खूण करू नका. त्यातूनही चूक झालीच, तर सांगून टाका. चौकशीच्या दिवशी शेडमध्ये नटाचं खरं ठाऊक असलेले आम्ही दोघेच होतो, आणि तोंड एकालाच होतं.