पाणी ओसरल्यानंतरची जांभळी रेघ

सकाळी साडेसहाला पाणी दवाखान्याच्या पायऱ्या चढले. थोड्याच वेळात ते एक्स-रेच्या खोलीत शिरले आणि मला भिंतीवरून उतरवण्यात आले.

मित्रांनो, मी एक जुनी प्रकाशपेटी आहे. पत्र्याचे अंग, आत दोन ट्यूबलाइट, पुढे दुधी काच, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघाले ती थेट त्या खोलीत आले. डॉक्टर माझ्या काचेवर फिल्म अडकवत आणि बटण दाबत. मग मोडलेली हाडे, पोरांनी गिळलेली नाणी, पाणी भरलेली फुप्फुसे माझ्या उजेडात उभी राहत. फिल्म काढून नेली तरी सावली काचेवरून हलली नाही, असे मला कितीदा तरी वाटे.

मला सांभाळत ते एक्स-रे काढणारे काका. सगळा दवाखाना त्यांना 'फोटोवाले काका' म्हणे. "हसा की जरा! फोटोत बरगड्याच येणार, पण हसा," असे ते घाबरलेल्या पेशंटला सांगत. माझी काच ते स्वतःच्या रुमालाने पुसत.

त्या सकाळी त्यांनी मला काखोटीला मारले. जिन्याशी पाय घसरला आणि मी क्षणभर पाण्यात गेले. वर पोचल्यावर मला कोपऱ्यात टेकवून ते फिल्मचे गठ्ठे आणायला पुन्हा खाली गेले. त्याच वेळी त्यांच्या घरातही पाणी शिरत होते आणि घरात त्यांची बायको एकटी होती. ती वाचली नाही, हे मला वरच्या मजल्यावरच्या कुजबुजीतून कळले. माझ्या काचेच्या कोपऱ्यात गढूळ डाग पडला होता, तो काका अंगठ्याने घासत बसले. डाग आतून पडला होता. बाहेरून घासून तो निघणार नव्हता.

पुढे दवाखान्यात संगणक आले आणि मी अडगळीत गेले. काकांनी मला मागून घेतले, पण घरात ठेवले नाही. मुलीला देऊन टाकले. ती सोयाबीनवर संशोधन करते. सगळे तिला ताई म्हणतात. तिच्या प्रयोगशाळेत मी टेबलावर आडवी असते. छत आणि वाकून बघणारे चेहरे, एवढेच मला दिसते.

ताई रोपे कुंडीसकट पाण्यात बुडवते. बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही. मग मूळ वाढ थांबवते, नेहमीची कितीतरी प्रथिने बनवणे कमी करते आणि हवेवाचून तग धरायला लागणारी प्रथिने बनवू लागते. त्यांतल्याच एका प्रथिनाच्या मागावर ताई आहे. मुळांचे तुकडे वाटून त्यांचा रस ती जेलच्या पातळ थरात सोडते, वीज लावते, रंग देते आणि तो थर माझ्यावर ठेवते. ते प्रथिन जिथे असेल तिथे जांभळी रेघ उमटते. जेलमध्ये प्रत्येक रोपाच्या रसाची वेगळी रांग असते. कोरड्यातल्या रोपाची रांग जवळजवळ कोरी असते. बुडालेल्याच्या रांगेत रेघ ठळक असते.

काका डबा घेऊन पहिल्यांदा आले तेव्हा वाकून म्हणाले, "हे काय गं?"

"जेल आहे, बाबा."

"सोयाबीनला जेल? गुन्हा काय केला त्यानं?"

ताई हसली. तेवढ्यात माझ्या शेजारी टेबलावर धप्प आवाज झाला.

"बाबा! चपला टेबलावर?"

"पिशवीत आहेत. असू दे. खाली नको."

त्या पुरानंतर काका आपली कुठलीच वस्तू जमिनीवर ठेवत नाहीत. पलंगावरून उतरताना आधी अंगठा टेकवून फरशी कोरडी आहे का ते बघतात. ताई हे मावशीला फोनवर सांगत होती, तेव्हा मी ऐकले.

कुंड्या पाण्याबाहेर काढल्या की रेघ हळूहळू पुसट व्हायला हवी. बाकीच्या वाणांची मुळे पाण्यातच सडली. एकच वाण तगला, आणि नेमकी त्याचीच रेघ जाईना. माती कोरडी झाली, पाने हिरवी राहिली, पण रोप तसूभर वाढले नाही.

"उभं आहे कोरड्यात आणि मुळं अजून पाण्यातच," ताई म्हणाली.

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना जागा हवी होती. "वाढच नाही तर शेंगा कुठून धरणार? उपटा आणि कुंड्या मोकळ्या करा."

"एकदाच बघते, सर. रेघ फिकी झाली तर ठेवू या."

"आणि नाही झाली तर?"

त्या वाणाचे बी संपले आहे. आहेत ती एवढीच रोपे.

आज सकाळी तिने शेवटचा जेल माझ्यावर ठेवला. डबा घेऊन आलेले काका शेजारी उभे होते. शेवटच्या रांगेत, काचेच्या कोपऱ्याजवळ, काहीतरी पुसट दिसत होते.

"अगं, तो पेटीचा डाग," काका म्हणाले. "त्या दिवशीचा."

ताईने दोन बोटांनी जेल हलकेच सरकवला. डाग जागेवरच राहिला. त्याच्यापासून सुटून एक बारीक जांभळी रेघ जेलबरोबर पुढे आली.

"आहे, बाबा." मग ती आणखी वाकली. "पण फिकी आहे. मागच्यापेक्षा बरीच फिकी."

काका माझ्या उजेडात खूप वेळ बघत राहिले. "मग उपटू नका म्हणावं. निघतंय ते पाण्यातून. धरून ओढताय कशाला?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू कोरड्या फडक्याने पुसा आणि काम झाले की दिवा बंद करा. आणि पाण्यातून बाहेर आलेल्याला 'झाले ना आता कोरडे' असे म्हणण्याची घाई करू नका.

ताईने साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "उद्या येऊन बघतो." कुंड्या अजून जागेवर आहेत.

आणखी एक गोष्ट. आज काका आले तेव्हा टेबलावर धप्प आवाज झाला नाही. चपला हातातच होत्या की खाली ठेवल्या, मला माहीत नाही. मी आडवी आहे. मला जमीन दिसत नाही.