बारा कंगोरे

तीन वर्षं सुनंदाआत्या खोल समुद्रातल्या, तांदळाएवढ्या गोगलगायीवर लिहीत होती. शंखावर कंगोरे चौदा, माहीत असलेल्या जातीला बारा. म्हणून ही नवी जात. आता तिचे डोळे थकले, तेव्हा शेवटची मोजणी मी ऐटीत मागून घेतली. पहिल्या कंगोऱ्यावर शाईचा ठिपका दिला आणि भिंगाखाली शंख फिरवत मोजलं.

"आत्या, बाराच आहेत."

"फिर से मोज."

तीनदा मोजले. बाराच.

"ठिपका मी कधी दिलाच नाही," ती हळूच म्हणाली. "पहिले दोन दर वेळी परत मोजले गेले."

तिने चष्मा काढला आणि शंखाच्या डबीवरची कोरी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली.

"जुन्या जातीचं नाव लिही. खाली 'ओळखणारी' म्हणून तुझं. मी दमले गं."

जातीच्या नावाखाली मी सावकाश माझं नाव लिहिलं: अवंतिका, ग्वाल्हेर.